४के एडिटिंगसाठी सॉफ्टवेअर निवडण्याआधी कॉम्प्युटर उघडून बघा

‘४के एडिट करायचंय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ असं विचारलं की दहापैकी आठ जण एकच उत्तर देतात: डाव्हिंची रिझॉल्व्ह घे, फुकट आहे. मग ते ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर उतरवलं जातं, ड्रोनच्या तीन क्लिपा टाइमलाइनवर (क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीवर) पडतात आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा सुरू होतो. सॉफ्टवेअर उत्तमच आहे, फक्त ते त्या लॅपटॉपसाठी बनलेलं नाही. म्हणून इथे रिझॉल्व्ह, प्रीमियर प्रो, फायनल कट प्रो, एडियस, शॉटकट आणि केडेनलाइव्ह या सॉफ्टवेअरची तुलना करताना ते कोणत्या मशीनवर आणि कोणत्या फुटेजवर चालतात, ते आधी पाहिलं आहे.

पहिली गोष्ट फुटेजची. ४केच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६० म्हणजे साधारण ८३ लाख पिक्सेल असतात, फुल एचडीच्या बरोबर चौपट. पण कॉम्प्युटर अडकतो तो बहुतेक वेळा पिक्सेलच्या संख्येमुळे नाही. कॅमेऱ्याने फाइल घट्ट दाबून बांधलेली असते आणि ती सोडवताना तो दमतो. एच.२६४ आणि एच.२६५ या प्रकारांत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मागच्या-पुढच्या फ्रेमशी तुलना करून फरक तेवढा लिहिलेला असतो. त्यामुळे टाइमलाइनवर मधेच कुठेतरी क्लिक केलं, की ती एक फ्रेम दाखवायला आधीच्या बऱ्याच फ्रेम उलगडाव्या लागतात. हे काम ग्राफिक चिपमधल्या खास डिकोडरकडे गेलं तर सगळं लोण्यासारखं चालतं. प्रोसेसरच्या गळ्यात पडलं की फ्रेम गळायला लागतात.

तुमची क्लिप कुठल्या जातीची आहे, हे मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर सांगतं. त्यात क्लिप उघडा आणि चारच ओळी वाचा: फॉरमॅट (एव्हीसी म्हणजे एच.२६४, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५), बिट डेप्थ, म्हणजे रंगछटांचा बारकावा (८ की १०), क्रोमा सबसॅम्पलिंग, म्हणजे रंगाची माहिती किती साठवली आहे (४:२:० की जास्त रंग राखणारं ४:२:२) आणि फ्रेम रेट मोड, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या फ्रेमची संख्या (कॉन्स्टंट म्हणजे स्थिर की व्हेरिएबल म्हणजे बदलती). मोबाइल, गोप्रो, डीजेआयचे ड्रोन यांचं फुटेज बहुतेक ४:२:० असतं. मग ते ८-बिट असो वा १०-बिट एच.२६५, एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेपासूनची कार्डं ते हार्डवेअरवर उलगडतात. खरं दुखणं ४:२:२, १०-बिटचं आहे. सोनीचे ए७ एस ३, ए७ ४ असे कॅमेरे ते देतात आणि लग्नाच्या शूटिंगमध्ये आता हेच कॅमेरे सर्रास दिसतात.

१०-बिट ४:२:२ एच.२६५ हार्डवेअरवर उलगडण्याची सोय इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अंगभूत (प्रोसेसरमध्येच असलेल्या) ग्राफिक्समध्ये आहे, ॲपलच्या एम मालिकेच्या सगळ्या चिपांमध्ये आहे आणि एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेत आहे. आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेत नाही. म्हणजे महागडं आरटीएक्स ४०७० लावून बसलेल्या माणसाची टाइमलाइन अडखळते आणि शेजारचा साधा कोअर आय५ सुरळीत चालतो, असं दृश्य दिसू शकतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! डिकोडर नसेल तर सॉफ्टवेअर बदलून फरक पडत नाही.

इथेच असेंबल पीसी घेणाऱ्यांची हमखास चूक होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा गावातल्या दुकानात काय, कोटेशनमध्ये आय५-१२४००एफ असा प्रोसेसर लिहिलेला असतो. तो ‘एफ’ म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नाही. गेम खेळणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, वर थोडे पैसेही वाचतात. एडिटिंग करणाऱ्याचा मात्र क्विक सिंक, म्हणजे इंटेलचा डिकोडर, कायमचा जातो. १२४००एफ आणि आरटीएक्स ३०६० अशी जोडी घेतली, तर ४:२:२ फुटेज सगळं प्रोसेसरवर येतं. म्हणून एफ आणि केएफ टाळा. बिगर-एफ प्रोसेसर आधीच असेल आणि ग्राफिक कार्डही लावलेलं असेल, तर बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये) आयजीपीयू मल्टी-मॉनिटर हा पर्याय एनेबल्ड करा आणि इंटेलच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाका. कित्येक मदरबोर्डांवर वेगळं कार्ड लावलं की अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद होतं, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

डिकोडर कामाला लागला की नाही, हे बघायला दोन मिनिटं पुरतात. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर क्लिक करा. तिथे ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा छोटा आलेख असतो. एडिटरमध्ये क्लिप चालवा. आलेख वर चढला तर काम बरोबर ठिकाणी गेलं आहे. तो शून्यावर पडून राहिला आणि सीपीयू ९०-१०० टक्क्यांवर गेला, तर नाही. दोन जीपीयू दिसत असतील तर दोन्हींचे आलेख बघा.

सोनीच्या कॅमेऱ्यांतल्या रेकॉर्डिंगच्या पर्यायांचं एक उलटंच गणित आहे. एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४ आणि एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५. एच.२६४ जुनं म्हणजे हलकं असणार, असं कुणालाही वाटेल. पण १०-बिट ४:२:२ एच.२६४ इंटेलच्या ११व्या ते १४व्या पिढीतला डिकोडर उलगडत नाही, एच.२६५ उलगडतो. त्यामुळे त्या मशीनवर एचएस सुरळीत चालतं आणि एस अडकतं. मात्र कॅमेरा पॅलवर (सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमच्या पद्धतीवर) असेल तर एचएसमध्ये ४केला २५ फ्रेम मिळत नाहीत, ५० घ्याव्या लागतात. शूटिंगला निघण्याआधी एडिटरला एक फोन करावा, तो यासाठी.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ.

डाव्हिंची रिझॉल्व्ह. ब्लॅकमॅजिक डिझाइनचं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. फुकट आवृत्तीत वॉटरमार्क नाही, मुदत नाही, अल्ट्रा एचडी ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट मिळतो आणि रंगकामासाठी याच्या जवळपास जाणारं दुसरं काही नाही. स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलरना, एकदाच, आणि एका चावीवर दोन कॉम्प्युटर चालतात. फुकटातली मेख विंडोजवर आहे. एच.२६४ आणि एच.२६५चं हार्डवेअर डिकोडिंग कंपनीने स्टुडिओच्या सोयींमध्ये धरलेलं आहे. १०-बिट ४:२:२ क्लिप टाकली की आवाज ऐकू येतो आणि चित्राच्या जागी लाल ‘मीडिया ऑफलाइन’ पाटी दिसते. फाइल बिघडलेली नसते, मेमरी कार्डही खराब नसतं. त्या वेळी कार्ड पुन्हापुन्हा कॉपी करत बसू नका. स्टुडिओ घ्या, नाहीतर शटर एन्कोडरसारख्या फुकट साधनाने क्लिप प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये (आकाराने मोठ्या, पण उलगडायला हलक्या प्रकारांत) बदलून घ्या. मॅकवरच्या फुकट आवृत्तीत ही अडचण येत नाही.

रिझॉल्व्हची दुसरी भूक ग्राफिक मेमरीची. आतलं सगळं गणित ते ३२-बिट फ्लोटमध्ये करतं. हिशोब करून बघा: ८३ लाख पिक्सेल, प्रत्येकी चार चॅनेल (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता), प्रत्येक चॅनेलला ४ बाइट, म्हणजे एका फ्रेमला सुमारे १३० एमबी. टेम्पोरल नॉइज रिडक्शन, म्हणजे शेजारच्या फ्रेम बघून चित्रातले ठिपके घालवणारा इफेक्ट, लावलं (ते फक्त स्टुडिओत मिळतं) आणि मागच्या-पुढच्या दोन-दोन फ्रेम धरल्या, की पाच फ्रेमचेच साडेसहाशे एमबी झाले, एका क्लिपच्या एका इफेक्टसाठी. म्हणून ४ जीबीच्या जीटीएक्स १६५० वर ‘जीपीयू मेमरी फुल’ हा निरोप येतो. रॅम वाढवून तो जात नाही, कारण ती मेमरी वेगळी असते. उपाय असा: प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइमलाइन रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० ठेवून सगळं काम करा आणि एक्स्पोर्टच्या वेळी ते ३८४० गुणिले २१६० करा. झूम, क्रॉप, मास्क सगळं त्या प्रमाणात वाढतं. फ्यूजनमध्ये (रिझॉल्व्हच्या इफेक्टच्या पानावर) केलेलं काम तेवढं पुन्हा डोळ्याखालून घाला. फ्रेम रेटचं मात्र असं नाही. टाइमलाइनवर माल पडला की तो बदलता येत नाही. नवीन प्रोजेक्ट मुळात २४ फ्रेमवर उघडतो. पहिली क्लिप टाकताना ‘फ्रेम रेट बदलू का’ असं तो विचारतो, तेव्हा घाईत नको म्हणणारे नंतर सगळं काम नव्या टाइमलाइनवर उचलून नेतात.

थोडक्यात, १६ जीबी रॅम आणि ६-८ जीबीचं कार्ड असेल तर रिझॉल्व्ह. त्याखाली उगाच हट्ट नको.

प्रीमियर प्रो महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाड्याने मिळतं आणि भाडं थांबलं की दार बंद. एवढी एक तक्रार सोडली तर मध्यम पीसीवर ते रिझॉल्व्हपेक्षा सोशिक आहे, कारण इंटेलच्या क्विक सिंकचा ते चांगला उपयोग करतं. प्रेफरन्सेसमध्ये मीडियात जाऊन हार्डवेअर ॲक्सिलरेटेड डिकोडिंगची खूण आहे का बघा. इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही दिसत असतील तर दोन्ही चालू ठेवा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. एक्स्पोर्ट मध्येच ‘ॲक्सिलरेटेड रेंडरर एरर’ म्हणून तुटत असेल, तर प्रोजेक्ट सेटिंग्जच्या जनरलमध्ये रेंडरर ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ करा. वेळ लागेल, पण फाइल हातात येईल. पार्टीने रात्री दहाला पेनड्राइव्ह मागितला असेल तर एवढंही पुरे.

प्रीमियरचा मीडिया कॅशे (कामापुरत्या तात्पुरत्या फाइल) मुळात सी ड्राइव्हवर साठतो. २५६ जीबीची एसएसडी असेल तर दोन-तीन लग्नांतच विंडोज कुरकुरायला लागतं. प्रेफरन्सेसमधल्या मीडिया कॅशेत जागा बदला आणि जुन्या फाइल आपोआप पुसल्या जातील असं ठरवून द्या. कॅशे पुसल्याने प्रोजेक्टला धक्का लागत नाही. तो पुन्हा तयार होतो.

आणि मराठी अक्षरांचं काय? पत्रिकेवरचं ‘शुभविवाह’ टाइप केलं आणि वेलांटी भलत्याच जागी गेली, तर प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्समध्ये टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ निवडा. ही एक ओळ माहीत नसल्याने लोक वर्षानुवर्षं फोटोशॉपमधून नावं करून आणतात. रिझॉल्व्हच्या टेक्स्ट प्लसमध्ये जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं तुटायची, तेव्हा ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘क्षितिज’ लिहून आधी पारखून घ्या. तुटत असतील तर पारदर्शक पीएनजी करून टाकणं हा खात्रीचा मार्ग. फायनल कट आणि केडेनलाइव्हमध्ये युनिकोड फाँट असला की सहसा कटकट नाही. श्रीलिपीच्या जुन्या, बिगर-युनिकोड फाँटवर बसलेल्यांची गोष्ट निराळी.

एडियस. बाहेरच्या याद्यांमध्ये याचं नाव क्वचित येतं, पण आपल्याकडच्या लग्नाच्या स्टुडिओत ते अजून ठाण मांडून आहे. ग्रास व्हॅलीचं, फक्त विंडोजवर. तीन कॅमेऱ्यांचा वेगवेगळा माल एकाच टाइमलाइनवर टाकून लगेच काटछाट सुरू करता येते, हा याचा जुना लौकिक, आणि तो खरा आहे. भार मुख्यतः प्रोसेसरवर आणि क्विक सिंकवर, त्यामुळे इथे ‘एफ’ प्रोसेसर घेणं म्हणजे पायावर धोंडा. रंगकामात ते रिझॉल्व्हच्या पासंगालाही पुरत नाही. आणि जिथे तिथे त्याच्या क्रॅक आवृत्त्या फिरतात, त्यांना हात लावू नका. अशा इन्स्टॉलरसाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि ज्या मशीनवर गिऱ्हाइकांचे फोटो-व्हिडिओ आहेत तिथे ते करणं वेडेपणाचं आहे.

फायनल कट प्रो ॲपलचं, विंडोजवर चालत नाही. मॅकसाठी २९९ डॉलर एकदाच. एम१ चा साधा मॅकबुक एअरही, ८ जीबी रॅम असूनही, १०-बिट एच.२६५ ४:२:२ च्या एकावर एक ठेवलेल्या एक-दोन थरांवर नीट चालतो. प्रोरेससाठीचं हार्डवेअर साध्या एम१ मध्ये नाही. ते एम१ प्रो, मॅक्समध्ये आणि एम२ पासून साध्या चिपातही आहे. जुना मॅक घेणाऱ्याने हे बघून किंमत ठरवावी. दोष आहे तो जागा खाण्याचा. इम्पोर्ट करताना ‘कॉपी टू लायब्ररी’ राहिलं, की सगळं फुटेज लायब्ररीत दुसऱ्यांदा साठतं. ‘लीव्ह फाइल्स इन प्लेस’ निवडा. बॅकग्राउंड रेंडर प्लेबॅक सेटिंग्जमध्ये बंद करा. डिस्क भरलीच तर फाइल मेनूतून ‘डिलीट जनरेटेड लायब्ररी फाइल्स’. मॅग्नेटिक टाइमलाइन (जिथे क्लिपा आपोआप एकमेकींना चिकटतात) प्रीमियरहून येणाऱ्याला सुरुवातीला अंगावर येते. आठवडाभर दम धरा. घरगुती कामाला आयमूव्ही फुकट आहे आणि ४के करतं, पण पहिली क्लिप जशी असेल तसा पूर्ण प्रोजेक्ट होतो. म्हणून पहिली क्लिप ४केचीच टाका.

आता ८व्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, वेगळं कार्ड नाही, असा लॅपटॉप. शाळा-कॉलेजांत आणि बऱ्याच घरांत हाच आहे. यावर शॉटकट. फुकट, छोटं, तिन्ही सिस्टिमवर चालणारं. सेटिंग्ज मेनूत ‘प्रॉक्सी’ (एडिटिंगपुरती बनवलेली क्लिपची हलकी प्रत) याखाली ‘यूज प्रॉक्सी’वर खूण करा आणि प्रिव्ह्यू स्केलिंग ५४० वर आणा, हे दोन्ही क्लिप टाकण्याआधी. अर्धा तास काम झाल्यावर अडकतंय म्हणून प्रॉक्सी लावायला जाणं म्हणजे वरातीमागून घोडं. एक्स्पोर्टच्या वेळी ते आपोआप मूळ फाइल वापरतं. थर जास्त, काटछाट जास्त असेल तर केडेनलाइव्ह बरं. त्याला अधूनमधून मधेच बंद पडण्याची सवय आहे, पण फाइल मेनूत ‘ओपन बॅकअप फाइल’ असतं, काम बुडत नाही. लिनक्सवर तर केडेनलाइव्हच, कारण तिथल्या फुकट रिझॉल्व्हमध्ये एच.२६४, एच.२६५ आणि एएसी आवाज यांतलं काहीच उघडत नाही, म्हणजे मोबाइलची साधी क्लिपसुद्धा आधी बदलून घ्यावी लागते. कॅपकट भारतात अधिकृतपणे मिळत नसल्याने ते या यादीत नाही.

प्रॉक्सीबद्दल दोन खाचखळगे सगळीकडे लागतात. प्रीमियरमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून ‘क्रिएट प्रॉक्सीज’ दिलं की काम मीडिया एन्कोडरकडे जातं, तेव्हा तेही त्याच आवृत्तीचं टाकलेलं हवं. बाहेरून बनवून आणलेली प्रॉक्सी जोडताना मूळ फाइलमध्ये चार ऑडिओ चॅनेल आणि प्रॉक्सीत दोन असं झालं, तर ती जोडलीच जात नाही. आणि एक्स्पोर्टला जाण्याआधी: रिझॉल्व्हच्या डिलिव्हर पानावर ‘यूज प्रॉक्सी मीडिया’ची खूण काढा, फायनल कटमध्ये व्ह्यू ‘प्रॉक्सी’वरून ‘ओरिजिनल’वर आणा. नाहीतर नाव ४केचं आणि चित्र धूसर, अशी फाइल गिऱ्हाइकाच्या टीव्हीवर जाते.

मोबाइलच्या फुटेजमध्ये आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो, सुरुवातीला बरोबर आणि वीस मिनिटांच्या भाषणाच्या शेवटी अर्धा सेकंद मागे, हे व्हेरिएबल फ्रेम रेटमुळे होतं. शॉटकट स्वतःहून रूपांतराचं विचारतं, हो म्हणा. इतरांसाठी हँडब्रेकमध्ये व्हिडिओच्या टॅबवर फ्रेम रेट निवडून ‘कॉन्स्टंट’ करा, क्वालिटी आरएफ १६-१८. आयफोन कॅमेऱ्याच्या जोडीला वापरणार असाल तर सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे जाऊन ‘शो पॅल फॉरमॅट्स’ चालू करा, २५ फ्रेम मिळतात. तिथेच एचडीआर (जादा उजेडाचं रेकॉर्डिंग) बंद करा, नाहीतर त्याच्या क्लिपा इतरांशेजारी भगभगीत दिसतात.

डिस्कचा हिशोब राहिला. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट; ८ बिटचा एक बाइट) ४के तासाला ४५ जीबी होतं, सेकंदाला फक्त १२.५ एमबी. तीन कॅमेरे धरले तरी साधी हार्डडिस्क ते पुरवते. तेव्हा फुटेज अडकतंय म्हणून लगेच एसएसडी घेण्यात अर्थ नाही. त्याच मालाचं प्रोरेस ४२२ केलं की २५ फ्रेमला ४९२ एमबीपीएस होतं, तासाला सुमारे २२० जीबी. तीन थरांना सेकंदाला १८५ एमबी लागतात, आणि तिथे फिरती हार्डडिस्क हात टेकते. १०८०च्या प्रोरेस प्रॉक्सीला मात्र तासाला १७ जीबी पुरतात. मूळ माल हार्डडिस्कवर, प्रॉक्सी आणि कॅशे एसएसडीवर, ही वाटणी सगळ्यात स्वस्तात पडते. मॅक आणि विंडोजमध्ये फिरणारी डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही, आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही. ४केच्या कामात हे चटकन कळतं, कारण ती फाइल कॉपीच होत नाही आणि विंडोज ‘फाइल फार मोठी आहे’ एवढंच सांगतो.